उतारावर ब्रेक मऊ लागू लागला तर

सुटीतील प्रवासाचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलले आहे. रेल्वेने चंदीगडपर्यंत जाऊन पुढे बसने डोंगर चढण्याऐवजी अनेक कुटुंबे आता घरचीच सात आसनी गाडी काढतात आणि मनाली, लाहौल, लेहपर्यंत जातात. गाडीत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन पिढ्या असतात. वरच्या कॅरियरवर बॅगा असतात आणि मागे खाखऱ्याचे डबे, कुकर, शेगडी असा संसार असतो. गाडी चालविणारा घरचा मुलगा असतो किंवा दुकानातील जुना, विश्वासू ड्रायव्हर. खंबाटकी, आंबोली, कुंभार्ली हे घाट त्याने शेकडो वेळा उतरलेले असतात. त्यामुळे डोंगरातील गाडीची चिंता सहसा कोणी करीत नाही.

चिंता करावी असे एक कारण मात्र आहे. हिमालयातील लांब उतारावर मध्येच ब्रेकचा पेडल मऊ लागू लागतो. रोज जेथे पाय अडतो तेथे तो अडत नाही. पेडल खोल जातो, स्पंज दाबल्यासारखा वाटतो, आणि गाडी अपेक्षेपेक्षा उशिरा थांबते. हे लक्षण सहसा एका क्षणात येत नाही. पुढील संकटाची सूचना ते बहुधा काही वळणे आधी देते. ती ओळखता आली आणि तिचा मान राखला, तर प्रवास तासाभराने लांबतो, एवढेच. ती दुर्लक्षिली, तर काय होऊ शकते हे सांगण्याची आवश्यकता नाही.

सह्याद्री आणि हिमालय

सह्याद्रीतील मोठा घाटसुद्धा साधारणपणे पाचसहाशे मीटर उतरतो. अर्ध्या तासात सपाट रस्ता लागतो आणि तापलेले ब्रेक वाऱ्याने निवतात. देलवाड्याची मंदिरे पाहून माउंट आबूहून आबू रोडला येणारी गाडी याच्या दीडपटीहून अधिक, म्हणजे साडेनऊशे मीटरच्या आसपास उतरते. रोहतांग खिंड ३,९७८ मीटर उंचीवर आहे आणि मनाली सुमारे २,०५० मीटरवर. म्हणजे पन्नासएक किलोमीटरच्या रस्त्यात गाडी सुमारे १,९०० मीटर खाली येते. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलला जाणाऱ्यांना ही खिंड ओलांडावीच लागत नाही. परंतु बर्फ पाहण्यासाठी वर जाणारी कुटुंबे आजही तेथूनच उतरतात. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तेथून लेहपर्यंतच्या सुमारे चाळीस किलोमीटरमध्येही उतार जवळजवळ तेवढाच आहे.

या उताराचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. माणसे आणि सामान धरून अडीच टन वजनाची गाडी १,९०० मीटर खाली येते, तेव्हा जेवढी ऊर्जा मोकळी होते तेवढ्या ऊर्जेने सुमारे १४० लिटर थंड पाणी उकळीला येईल. यातील काही भाग वारा आणि टायर घेतात. उरलेला भाग इंजिनाने घ्यावा की ब्रेकने, हे ड्रायव्हरच्या हातातील गिअर ठरवितो. गिअर वरचा ठेवला, किंवा डिझेल वाचेल या समजुतीने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर ती सारी उष्णता चार चाकांमधील डिस्क, पॅड आणि लायनर यांवर जाऊन पडते.

न्यूट्रलमधील ही बचतही खरी नसते. आजच्या बहुतेक गाड्यांत, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारे इंधन जवळजवळ थांबते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळतच राहते. म्हणजे या व्यवहारात इंधनही जाते आणि ब्रेकही.

पेडल मऊ का होतो

ब्रेकच्या पेडलवर पाय पडला की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडे ढकलले जाते आणि पॅड डिस्कला घट्ट धरतात. द्रव दाबला जात नाही, याच गुणावर ही सारी रचना उभी आहे. पायाचा जोर तसाच्या तसा चाकापर्यंत पोहोचतो तो यामुळेच. वायू मात्र दाबला जातो. नळीत वायूचे लहानसे बुडबुडे शिरले, तर पायाचा जोर प्रथम ते दाबण्यातच खर्च होतो आणि पेडल मऊ लागतो.

हे बुडबुडे दोन मार्गांनी येतात. पहिला मार्ग हवेचा. ब्रेकचे काम केल्यावर हवा नीट काढलेली नसते किंवा कोठेतरी बारीक गळती असते. दुसरा मार्ग वाफेचा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, हा त्याचा स्वभावच आहे. डॉट-३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. बाटलीतून ओतताना एकच दिसणारे ऑइल गाडीत तीन-चार पावसाळे काढल्यावर त्याच ताकदीचे राहत नाही. लांब उतारावर चाकाजवळचे हे जुने ऑइल उकळते, त्याची वाफ होते आणि पेडल खोल जातो.

शहरातील रहदारीत ब्रेक एवढे तापत नाहीत, म्हणून तेथे हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. डोंगर तो निर्माण करीत नाही, केवळ उघड करतो.

विरळ हवेचा परिणाम

लेहमध्ये डाळ कुकरशिवाय शिजत नाही, हा अनुभव तेथे राहून आलेल्या प्रत्येक गृहिणीला असतो. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी उष्णतेवर उकळते. खारदुंग लासारख्या खिंडीत ते साधारण ८२-८३ अंशांनाच उकळते. ब्रेक ऑइलची टाकी बाहेरच्या हवेला खुली असते. त्यामुळे पेडल सुटलेला असताना नळ्यांतील ऑइलवरही तोच कमी दाब असतो आणि त्याची उकळण्याची मर्यादाही थोडी खाली येते.

हवेचे बुडबुडे आधीच असतील, तर ते उंचीवर फुगतात. पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो, म्हणून सपाटीवरील एका थेंबाएवढा बुडबुडा तेथे दोन थेंबांएवढी जागा व्यापतो. पेडलच्या एका दाबाने पुढे सरकणारे ऑइल मुळातच थोडे असते. त्यामुळे पुण्यात न जाणवलेली हवा तंगलंग लावर जाणवू लागते.

तिसरा परिणाम याच्या उलट आहे. पायाचा जोर वाढविणारा बूस्टर बहुतेक गाड्यांत हवेच्या दाबावरच चालतो. हवा विरळ झाली की त्याची मदत घटते आणि पेडल नेहमीपेक्षा कडक लागतो, जोराने दाबावा लागतो. कडक पेडल आणि मऊ पेडल या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

पायाला जे कळते ते

दोष कोठे आहे, हे बरेचसे पायालाच कळते. चालविणाऱ्याने पुढील लक्षणे नीट समजून घ्यावीत.

पेडल सकाळी ठीक होता, लांब उतारानंतर मऊ झाला, दोन-तीन वेळा भरभर दाबल्यावर थोडा वर येतो आणि तासाभराच्या विश्रांतीनंतर पूर्ववत होतो, तर ऑइल उकळले आहे. थंड झाल्यावर पेडल सुधारतो म्हणून दोष गेला, असे पुष्कळांना वाटते. तो गेलेला नसतो. ऑइल बदलेपर्यंत पुढच्या उतारावर तो परत येणारच.

पेडल सुरुवातीपासूनच मऊ आहे आणि भरभर दाबल्यावर वर येतो, तर नळीत हवा असावी, किंवा मागचे ड्रम ब्रेक सैल झालेले असावेत.

पेडलवर पाय स्थिर ठेवला असता तो हळूहळू खालीच जात राहतो, तर मास्टर सिलिंडरमधील रबर खराब झाले आहे किंवा बाहेर कोठेतरी गळती आहे. हे लक्षण सर्वांत गंभीर समजावे. थंड झाल्यावरही ते जात नाही.

पेडल घट्ट आहे, परंतु गाडी थांबत नाही आणि जळका, उग्र वास येतो, तर पॅड किंवा लायनर तापून त्यांची पकड गेली आहे. ऑइलचा येथे दोष नसतो. ब्रेक थंड होऊ देणे हाच उपाय.

पेडल एकाएकी दगडासारखा कडक झाला, तर बूस्टरची मदत थांबली आहे. इंजिन बंद पडले असेल, तर दोन-तीन वेळा दाबण्यापुरतीच मदत शिल्लक राहते. उतारावर इंजिन कधीही बंद करू नये, ते यासाठीच.

ओढा ओलांडल्यावर ब्रेक काही क्षण कमी पकडतात, ती मात्र केवळ ओल असते. गाडी सावकाश चालवून पेडल हलकेच दाबून धरला की ती वाळते.

उतारावर असताना

जुने डोंगरी ड्रायव्हर सांगतात तो नियम आजही तितकाच खरा आहे: ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतार उतरावा. इंजिनाचा आवाज वाढतो म्हणून घाबरू नये. इंजिन गाडीला मागे खेचून धरीत आहे, असा त्याचा अर्थ. ऑटोमॅटिक गाडीत केवळ डी ठेवून उतरू नये. एल, दोन, किंवा हाताने गिअर बदलण्याची सोय असेल ती वापरावी. ब्रेकवर पाय सतत हलका टेकवून ठेवण्याची सवय घातक आहे, कारण पॅडला निवायला क्षणभरही मिळत नाही. वेग वाढला की ठामपणे दाबून तो उतरवावा आणि पाय पूर्ण उचलावा. गाटा लूप्ससारख्या एकामागून एक २१ वळणांच्या ठिकाणी गती वळणाच्या आधी कमी करावी, वळणात शिरल्यावर नव्हे.

पेडल मऊ लागल्याची पहिली शंका येताच एक गिअर खाली घ्यावा आणि पहिल्या रुंद जागी थांबावे. पुढच्या गावापर्यंत जाऊन पाहू, हा विचार मनातून काढून टाकावा.

पेडल तळाला टेकला आणि गाडी थांबत नसेल, तर क्रम असा असावा. पेडल भरभर, पुन्हा पुन्हा दाबावा. वाफ किंवा हवा असेल तर थोडा दाब परत मिळतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणावा. हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढावा आणि गरजेप्रमाणे सैल करावा. झटक्याने ओढला तर मागची चाके अडकून गाडी फिरते. ज्या गाड्यांत हँडब्रेकच्या जागी बटण असते, त्यांपैकी अनेकांत ते ओढून धरले असता गाडी थांबते. आपल्या गाडीत काय होते हे निघण्यापूर्वीच पुस्तिकेत पाहून ठेवावे. हॉर्न आणि दिवे चालू ठेवावेत. दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूस राहावे. मातीचा ढीग, खडी, चढाचा फाटा, जे मिळेल त्याचा आधार घ्यावा. काहीच न मिळाल्यास डोंगराच्या कडेला गाडी घासून थांबवावी. पत्रा दुरुस्त होतो. या सर्व वेळात गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये आणि चावी बंद करू नये. तसे केल्यास इंजिनाचा अटकाव जातो आणि स्टिअरिंगही जड होते.

थांबल्यावर

गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकांना दगड लावावेत आणि सर्वांनी डोंगराच्या बाजूने उतरावे. तापलेल्या चाकांवर पाणी ओतण्याचा मोह आवरावा. एकदम थंड झाल्याने डिस्क वाकते किंवा तडकते. चाकांना हातही लावू नये.

येथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. चालत्या गाडीत वारा डिस्कला थंड करीत असतो. गाडी थांबताच तो थांबतो आणि डिस्कमधील उष्णता आत शिरून ऑइलपर्यंत पोहोचते. त्यामुळे उतारावर ठीक असलेला पेडल चहाच्या थांब्यानंतर तळाला जाऊ शकतो. म्हणून विश्रांतीनंतर गाडी हलविण्याआधी पेडल दाबून पाहण्याची शिस्त प्रत्येक थांब्यावर पाळावी.

तासभर गेल्यावर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. टाकीवर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. चारही चाकांच्या आतल्या बाजूस ओल आहे का, हे वाकून पाहावे. पातळी योग्य आहे, ओल नाही आणि पेडल पुन्हा घट्ट लागतो, तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. तेथे जुने ऑइल संपूर्ण काढून नवे भरून घ्यावे आणि हवा काढून घ्यावी. ज्या गाड्यांत एबीएस आहे, त्यांत हवा काढण्यासाठी काही वेळा कंपनीचे यंत्र लागते, हे लक्षात ठेवावे.

पातळी उतरली असेल, ओल दिसत असेल किंवा पाय ठेवल्यावर पेडल खाली जात राहत असेल, तर त्या गाडीने एक किलोमीटरही पुढे जाऊ नये. वरून ऑइल ओतून चालत राहणे हा उपाय नव्हे. कुटुंबाला दुसऱ्या वाहनाने खाली पाठवावे आणि गाडी टो करून किंवा ट्रकवर चढवून न्यावी. त्याला जो खर्च येईल तो द्यावा. आणि अडचणीत असले, तरी इंजिन ऑइल किंवा दुसरे कोणतेही तेल ब्रेकच्या टाकीत कधीही घालू नये. त्याने रबरी भाग फुगतात आणि पूर्ण ब्रेकच निकामी होतो.

निघताना चाकांना लावलेले दगड रस्त्यातून बाजूला टाकावेत. रात्री येणाऱ्या दुसऱ्या गाडीसाठी ते प्राणघातक ठरतात. आपल्या सुरक्षिततेचे साधन दुसऱ्या जीवाच्या हानीचे कारण होऊ नये.

निघण्यापूर्वीची तयारी

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, असे अनेक गाडी कंपन्या सांगतात. डोंगरात जायचे असल्यास शेवटचे केव्हा बदलले हे आठवत नाही, एवढे कारणही बदलण्यास पुरेसे आहे. झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच ऑइल सीलबंद बाटलीतून घालावे. अर्धी उघडी राहिलेली बाटली ओलावा शोषून बसलेली असते. पॅड आणि लायनर निम्म्याहून अधिक झिजले असतील, तर नवे बसवावेत. हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी न करता निदान आठवडाभर आधी करावे. हवा राहिली असल्यास ती घराजवळच कळते.

घरच्या घरी दोन परीक्षा घेता येतात. इंजिन चालू ठेवून पेडलवर अर्धा मिनिट पाय स्थिर ठेवावा. तो खाली सरकता कामा नये. दुसरी परीक्षा बूस्टरची. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावा, दाबून धरावा आणि मग इंजिन सुरू करावे. पेडल थोडा खाली गेला तर बूस्टर ठीक आहे.

वजनाचाही विचार व्हावा. प्रत्येक जादा किलो उतारावर ब्रेकलाच तोलावा लागतो. आठ दिवसांच्या प्रवासासाठी महिन्याचा शिधा नेण्याची गरज नसते. मात्र पाणी, गरम कपडे आणि एक वेळचे खाणे कॅरियरवर न बांधता गाडीत हाताशी ठेवावे. उंचावर थांबावे लागले, तर थंडी आणि विरळ हवा वृद्धांना व लहानांना लवकर त्रास देते. केलांग सोडल्यानंतर लेहपर्यंत मोठे गॅरेज मिळेल, ही आशाही धरू नये.

शब्द कोणाचा चालावा

येथवर जे सांगितले ते यंत्राचे झाले. प्रत्यक्षात उतारावर निर्णय घेतात ती माणसे.

दुकानातील ड्रायव्हर वर्षानुवर्षे घरचे मीठ खाऊन असतो. मागच्या आसनावर शेठजी, आई, सूनबाई बसलेल्या असतात. सूर्य कलू लागलेला असतो. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचून जेवण आटोपायचे असते, कारण घरात रात्रिभोजनाचा त्याग आहे. अशा वेळी "शेठ, ब्रेक जरा मऊ लागतोय" हे वाक्य ड्रायव्हरच्या ओठापर्यंत येते आणि पुष्कळदा तेथेच राहते. कधी तो बोलतो आणि मागून उत्तर येते, "हळूहळू चल, आता जवळच आलं." हे उत्तर देणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसते. परंतु पेडल ड्रायव्हरच्या पायाखाली असतो, मागच्या आसनाखाली नव्हे.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. घरातून निघतानाच, सर्वांसमक्ष, घरातील वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवावे: ब्रेकविषयी चालविणाऱ्याने थांबायचे म्हटले की थांबायचे, कारण विचारायचे ते गाडी उभी राहिल्यावर. चालविणारा पगारी माणूस असो की विशीतला नातू, हा अधिकार त्याचाच. त्या दिवशी हॉटेलचे भाडे वाया गेले, पुढचा मुक्काम चुकला, तरी त्याला बोल लावायचा नाही.

जेवणाच्या वेळेचीही सोय यातच आहे. सायंकाळचे खाणे गाडीत बरोबर असले, की मुक्काम गाठण्याची घाई संपते. खिंड उतरताना अर्ध्या वाटेवर, रुंद आणि सुरक्षित जागी, ऊन असतानाच तासभर थांबावे. दशम्या, खाखरे, सुकी भाजी, पाणी सर्वांना शांतपणे घेता येते. तेवढ्या वेळात चाके निवतात. नियमही पाळला जातो आणि ब्रेकलाही विश्रांती मिळते. तेथून उठताना मात्र ड्रायव्हरने आधी पेडल दाबून पाहावा आणि तो घट्ट असल्याचे स्वतःच्या तोंडाने सर्वांना सांगावे. मगच गाडी पुढे काढावी.